हॉट-अँड-कोल्ड एसीचं आउटडोअर नागपुरात नेमकं कुठे बसवावं? चार जागा आहेत, एक ठरवायची आहे

मनीषनगर_३०बाय५०

प्लॉट ३० × ५०, तळमजला अधिक एक. घराचं तोंड पश्चिमेला, रस्ताही तिकडेच. वरच्या मजल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यात १२ × १४ ची बेडरूम आहे, तिच्यासाठी दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट घेतोय. हॉट-अँड-कोल्ड मॉडेल, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उलटा फिरून खोली गरम करणारा हीट पंप. आउटडोअरसाठी जागा अशा:

१) पश्चिमेची बाल्कनी. साडेतीन फूट खोल, समोर तीन फुटी विटांचा कठडा. पाइप दोन-अडीच मीटरमध्ये भागतो.
२) दक्षिणेची भिंत. चार फुटांचं मार्जिन, मग पाच फुटी कंपाउंड, पलीकडे शेजाऱ्यांचं चार फुटांचं मार्जिन आणि त्यांची भिंत. आमच्या भिंतीला लिंटेलवर दीड फुटाचा छज्जा आहे.
३) गच्ची. खोलीच्या बरोबर वर, उघडा स्लॅब.
४) मागे पूर्वेला तळमजल्यावर, धुण्याच्या ओट्याजवळ. पाइप १२-१३ मीटर होईल. हॉलचा कूलरही तिथूनच हवा घेतो.

दुकानदार म्हणतो गच्चीवर टाका, वर हिरवी जाळी बांधा, झालं. घरच्यांचं म्हणणं, सावली असेल तिथे ठेवा. नवतप्यात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) ४५-४६ ला चालला पाहिजे आणि थंडीत पहाटे गरमही करता आली पाहिजे खोली. कोणती जागा, किती अंतर सोडायचं, वर शेड लागते का?

कॉपर_अन्_फ्लेअर

दक्षिणेची भिंत. पण कुठेही नाही, नेमकी जागा खाली सांगतो.

आधी बाल्कनी बाद का ते बघा. आउटडोअर मागून आणि एका बाजूने हवा ओढतं, समोरून फेकतं. तुमच्या साडेतीन फुटांत यंत्राची खोली फूटभर, मागे अर्धा फूट सोडला तर पुढे उरतात दोन फूट, आणि तिथे भरीव कठडा. फेकलेली गरम हवा कठड्यावर आपटून वर वळते आणि पुन्हा मागच्या कॉइलमध्ये शिरते. दुपारी तीनला पश्चिमेचं ऊन वर वेगळंच. बाल्कनीच हवी असेल तर स्टँड इतका उंच करावा लागतो की पंख्याचा पूर्ण गोल कठड्याच्या वर येईल. मग तो रस्त्यावरून दिसतो, आणि घरचे नाही म्हणतात.

दक्षिणेला असं बसवा: पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या बाजूला, खिडकीखाली नाही. खाली ठेवलं की गरम हवा चढून तुमच्याच खोलीत येते आणि कंप खिडकीच्या चौकटीतून ऐकू येतो. उंची अशी धरा की यंत्र कंपाउंडच्या पूर्ण वर राहील. जमिनीवर ठेवलं तर समोर चार फुटांवर भिंत, आणि बोळात गरम हवेचं डबकं होणार. वर घेतलं की समोर तुमचं चार आणि शेजाऱ्यांचं चार मिळून आठ फूट मोकळे. भिंतीपासून मागे किमान १५ सेंमी, जमल्यास २०. कॉइलच्या उघड्या बाजूला ३० सेंमी, व्हॉल्व्हच्या बाजूला ६० सेंमी, कारण तिथे पाना आणि गेज घेऊन माणसाचे दोन हात फिरले पाहिजेत. छज्ज्याच्या खाली ५०-६० सेंमी. समोर मीटरभर तरी काहीही नको.

स्टँडचा हात ४५-५० सेंमीचा घ्या, नाहीतर मागचं अंतर कागदावरच राहतं. यंत्राचं वजन मॉडेलनुसार २५ ते ४० किलो. पक्क्या विटेची भिंत असेल तर १० मिमी फास्टनर विटेत घ्या, सांध्यातल्या मसाल्यात नको. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) असेल तर साधा फास्टनर महिन्यागणिक सैल होत जातो. तिथे आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी पट्टी, किंवा लिंटेल-बीममध्ये केमिकल अँकर. पावडर कोटिंगपेक्षा गरम गॅल्वनाइज्ड स्टँड बरा, आणि चारही पायांखाली रबर.

पाइप: तुमच्या जागेला चार-साडेचार मीटर पुरेल. बहुतेक कंपन्या तीन मीटरपेक्षा कमी पाइप नको म्हणतात, कारण फार आखूड पाइपातून कंप्रेसरचा आवाज आत येतो. दीड टनाला साधारण पाव इंची आणि अर्धा इंची लागतात, काही मॉडेलना दुसरं माप. मॅन्युअल बघा, कारागिराकडे शिल्लक काय आहे ते नको बघू. दोन्ही पाइपांना वेगवेगळं नायट्राइल इन्सुलेशन. बारीक पाइप तसाच ठेवायची सवय अनेकांना आहे, पण बहुतेक इन्व्हर्टर स्प्लिटमध्ये गॅस आउटडोअरमध्येच प्रसरण पावतो, म्हणून बारीक पाइपही थंडगार असतो, आणि हीटिंगमध्ये दोन्ही गरम. काळं इन्सुलेशन इथल्या उन्हात दोन-तीन वर्षांत भुगा होतं. वरून यूव्ही टेप किंवा पीव्हीसी केसिंग लावा.

उष्णमापी

वरच्या उत्तराशी सहमत. मागचं कारण थोडं आकड्यांत.

दीड टनाचं यंत्र पूर्ण जोरात असताना खोलीतून ५ किलोवॉटच्या आसपास उष्णता उचलतं, त्यात स्वतःची दीड-पावणेदोन किलोवॉट वीज घालतं आणि साडेसहा-सात किलोवॉट बाहेर फेकतं. ताशी दोन हजार घनमीटरच्या आसपास हवा धरली तर ती ८ ते १२ अंशांनी तापून निघते. बाहेर ४५ असेल तर पंख्यासमोर ५५. मागून ओढल्या जाणाऱ्या हवेतला तिसरा हिस्सा हीच फेकलेली हवा असेल तर यंत्राच्या दृष्टीने हवामान ४५ नाही, ५० झालं. आता आर-३२ चा (एसीतल्या गॅसचा) दाब बघा: कंडेन्सर, म्हणजे बाहेरची कॉइल, ५० अंशांना असताना साधारण ३१ बार, ६० ला ३९ च्या घरात. दाब वाढला की कंप्रेसर आधी वेग उतरवतो, तरी भागलं नाही तर ट्रिप होतो. मे महिन्यात दुपारी एसी थंड करत नाही, रात्री मात्र छान चालतो, गॅस भरून घेतला तरी फरक नाही, अशी तक्रार आली की शंभरातल्या बऱ्याच वेळा गॅस पुरेसा असतो, हवा अडलेली असते.

डब्यावरची क्षमता ३५ अंशांना मोजलेली असते हेही लक्षात ठेवा. ४६ ला तोच दीड टन दीड टन राहत नाही. जागा चुकली तर उरलेलंही जातं.

सावलीबद्दल. सावलीने फायदा होतो, पण थोडा. कॉइलमधून एवढी हवा जात असते की पत्र्यावर पडलेल्या उन्हाचा वाटा त्यात छोटा असतो. खरा तोटा तापलेल्या स्लॅबचा आणि भिंतीचा, कारण त्यांच्यालगतची हवा आसपासच्या हवेपेक्षा गरम असते आणि तीच ओढली जाते. म्हणून सावलीसाठी हवा अडवणं हा घाट्याचा सौदा. हिरवी जाळी चारही बाजूंनी गुंडाळलेली आउटडोअर नागपुरात गल्लोगल्ली दिसतात. त्यापेक्षा उघड्या उन्हातलं यंत्र बरं चालतं.

दिशेचं गणित इथे जरा वेगळं आहे. नागपूर २१ अंश उत्तरेला. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत सूर्य उगवतो आणि मावळतो तो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेकडे. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन जवळजवळ लागतच नाही, आणि दीड फुटाचा छज्जा वरचं ऊन कापतो. सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीला लागतं. "उत्तरेला ठेवा, थंड असते" हा सल्ला वरच्या अक्षांशांचा आहे, मे महिन्यातल्या नागपूरचा नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांवर दक्षिणेकडे, तेव्हा यंत्रावर ऊन येतं आणि रात्री साचलेली ओल वाळते.

आणखी एक. घराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे तुमचा बोळ पूर्व-पश्चिम जातो. उन्हाळ्यातला वारा इथे मुख्यतः पश्चिम-वायव्येकडून. तो बोळातून आरपार वाहतो आणि फेकलेली हवा पुढे ढकलत नेतो. पश्चिमेच्या बाल्कनीत तोच वारा पंख्याच्या तोंडावर आला असता.

स्लॅबवरचा

गच्ची इतकी वाईट नाही जी. अंतर मोकळं मिळतं, शेजाऱ्याची कटकट नाही, शिडी न लावता सर्व्हिस होते. दक्षिणेच्या बोळात बारा फुटांवर शिडी लावायची तर चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने पाया तीन फूट पुढे, आणि बोळ सगळा चार फूट. कारागीर नाक मुरडणारच, आणि मग कॉइल धुण्याऐवजी वरवर फवारा मारून जाणार.

गच्चीवर करायचं तर असं करा. स्लॅबपासून किमान दीड फूट उंच स्टँड, कारण दुपारी स्लॅबलगतची हवाच सगळ्यात गरम. स्टँडखाली आणि भोवती दोन-तीन मीटर पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग. पॅरापेटपासून (गच्चीच्या कठड्यापासून) मीटरभर दूर. शेड हवीच असेल तर यंत्राच्या वर मीटरभर, चारही बाजू उघड्या, आणि नटबोल्टने पक्की. मान्सूनपूर्व वादळात पत्रा उडाला की तो तुमच्या घरात थांबत नाही. स्लॅबला भोक पाडून फास्टनर मारू नका, पावसाळ्यात वॉटरप्रूफिंगचा खर्च निघेल. काँक्रीटच्या दोन ब्लॉकवर चॅनेल टाकून वजनावर उभा करा आणि तारेने बांधा.

तोटा एक आहे, तो मान्य. आउटडोअर वर, इनडोअर खाली, म्हणजे कंप्रेसरचं तेल जाड पाइपातून वर चढावं लागतं. तुमची उंची तीन-साडेतीन मीटर, एवढ्याला चालतं. पाच-सहा मीटरच्या वर गेलं तर खालच्या वळणाला ऑइल ट्रॅप (तेल साचवून वर चढवणारा पाइपाचा यू-बाक) लागतो की नाही ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे. पाइप भोकात शिरण्याआधी खाली एक झोल द्या, नाहीतर पावसाचं पाणी पाइपाला धरून सरळ खोलीत.

वायरमन_नंदनवन

जागा कोणतीही घ्या, लाइन वेगळी घ्या. मेन डीबीपासून (मुख्य वीजपेटीपासून) स्वतंत्र, २० अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा ब्रेकर), ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा ब्रेकर), ४ चौरस मिमी तांब्याची वायर. २० मीटर लांबीला ९ अँपिअरवर अडीचच्या वायरीत सव्वातीन व्होल्ट पडतात, चारच्या वायरीत दोन. म्हणजे व्होल्टेजसाठी अडीचही चालली असती. चार घ्यायची ती तापलेल्या भिंतीतल्या पाइपात वायर गरम होते म्हणून. आउटडोअरजवळ हाताला येईल असा आयसोलेटर, वॉटरप्रूफ डब्यात. स्टँडलाही अर्थिंग. गच्चीवर असेल तर डीबीत सर्ज प्रोटेक्टर हवाच, मे-जूनच्या विजांनी पीसीबी (यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळतो.

पाली! टर्मिनलच्या झाकणाला ग्लँड (वायरीभोवतीची रबरी बूच) न लावता भोक उघडं ठेवतात, पाल आत शिरते, पीसीबीवर दोन टर्मिनलमध्ये आडवी पडते, आणि आठ-दहा हजारांचा बोर्ड गेला. भोकं सिलिकॉनने किंवा पुट्टीने बंद करून घ्या, पैसे देण्याआधी.

मनीषनगर_३०बाय५०

दक्षिणच ठरवतोय. तीन शंका. एक, शेजाऱ्यांची बेडरूमची खिडकी समोरच्या भिंतीत आहे, थोडी पूर्वेला. दोन, हीटिंगमध्ये आउटडोअरमधून पाणी पडतं म्हणतात, ते बोळात पडलं तर चालेल का? तीन, कूलरवाला ओटा पूर्ण सोडायचा का? तिथे सर्व्हिसला सोपं होतं.

कॉपर_अन्_फ्लेअर

खिडकी: पंख्याचं तोंड खिडकीच्या समोर येऊ देऊ नका. दोन मीटर तरी पश्चिमेला सरका, म्हणजे रस्त्याकडच्या कोपऱ्याजवळ. तसंही तिथे वारा आधी मिळतो, आणि शिडी बोळात न लावता समोरच्या अंगणातून तिरकी लावता येते, म्हणजे वर नाक मुरडणाऱ्या कारागिराचाही प्रश्न मिटला. आवाजाचं म्हणाल तर दीड टनाचं यंत्र मीटरभरावर ५० ते ५५ डेसिबल. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात, बोळात दोन भिंतींमुळे तेवढे होत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री ४५ ची मर्यादा आहे. आधी शेजारच्या काकांना जागा दाखवून विचारून घ्या, भोक पाडल्यावर नाही.

पाणी: पडतं. हीटिंगमध्ये बाहेरची कॉइल थंड होते, पहाटे ८-९ अंश आणि हवेत ओल असेल तर तिच्यावर दव, कधी बर्फाचा पातळ थर. मग यंत्र पाच-दहा मिनिटं उलटं फिरून तो वितळवतं. तेवढा वेळ आतला पंखा थांबतो, बाहेरून फुस्स आवाज येतो आणि वाफ निघते. धूर समजून मेन बंद करणारे आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो. हॉट-कोल्ड मॉडेलच्या डब्यात आउटडोअरच्या तळाला लावायची प्लॅस्टिकची ड्रेन एल्बो येते. ती बसवायला सांगा, बरेचदा खोक्यासोबत फेकली जाते. तिला पाइप जोडून बोळातल्या चेंबरपर्यंत सोडा. शेजाऱ्यांच्या हद्दीत थेंब नको.

ओटा सोडाच. आउटडोअरची ५५ ची हवा कूलर ओढेल आणि हॉल तापेल. शिवाय कूलरच्या टाकीत बोअरचं पाणी असेल तर त्याचे शिंतोडे कॉइलवर वाळून पांढरा थर धरतात. त्याच कारणाने दुपारी पाइपने आउटडोअरवर पाणी मारत बसू नका, आणि मागे वाळ्याची ताटी ओली करून लावायचा जुगाडही नको. दोन दिवस गार वाटतं, पुढे फिनच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) फटी क्षाराने बुजतात. १२-१३ मीटर पाइपाला गॅसही वाढवावा लागला असता: कारखान्यातला भरणा बहुतेक ५ किंवा ७.५ मीटरपर्यंतच पुरतो, पुढे मीटरमागे १५-२० ग्रॅम, मॉडेलप्रमाणे.

बेसा_चौथा_मजला

याच धाग्यात विचारतो. आमच्या फ्लॅटला बिल्डरने एसीसाठी डक्ट दिलाय, चार × पाच फूट, खालपासून वरपर्यंत सगळ्यांचे आउटडोअर त्यातच, बाहेरच्या बाजूला लुव्हर (पट्ट्यांची जाळी). वरच्या मजल्यांचे एसी दुपारी ट्रिप होतात. आमचं काय करावं?

उष्णमापी

खालच्या सगळ्यांची गरम हवा वर चढून तुमच्या कॉइलमध्ये येते, म्हणून. मोजून बघा: दोन डिजिटल थर्मामीटर, एकाचा प्रोब आउटडोअरच्या मागे कॉइलजवळ, दुसऱ्याचा बाहेर सावलीत. दुपारी तीनला अर्धा तास चालवून वाचा. फरक दोन-तीन अंश असेल तर ठीक. पाचच्या वर असेल तर गरम हवा फिरून परत येते आहे. कुठून येते ते उदबत्तीचा धूर दाखवतो.

उपाय म्हणजे पंख्याचं तोंड डक्टच्या आत नको, लुव्हरच्या बाहेर काढा. पंखा आणि लुव्हर यांच्यात फट राहिली तर पत्र्याचा हूड करून बंद करा, म्हणजे फेकलेली हवा सरळ बाहेरच जाईल. लुव्हरच्या पट्ट्या आडव्या, फार तर १५-२० अंश झुकलेल्या, पट्ट्यांमधली मोकळी जागा एकूण क्षेत्राच्या पाऊण भागाच्या वर. ४५ अंशांच्या शोभेच्या पट्ट्या हवा खाली वळवतात आणि ती पुन्हा आत येते. बदलायला सोसायटी तयार नसेल तर निदान पंख्यासमोरच्या काढून घ्या. डक्टमध्ये खालून ताजी हवा यायला उघडं तोंड आहे का तेही बघा, बरेचदा तळाला कोणीतरी दार लावून स्टोअर केलेलं असतं.

गीझरवाल्या हीट पंपाचं मात्र बरोबर उलटं आहे, ते कुणी विचारण्याआधी सांगतो. तो हवेतून उष्णता घेतो आणि थंड हवा फेकतो, त्यामुळे त्याला गरम, उन्हाची, हवेशीर जागा आवडते. गच्चीची पश्चिम बाजू त्याला उत्तम.

मनीषनगर_३०बाय५०

दक्षिणेची भिंत, रस्त्याकडचा कोपरा, ठरलं. काका हो म्हणाले. बसवायच्या दिवशी समोर उभं राहून नेमकं काय बघू?

कॉपर_अन्_फ्लेअर

भोक बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर उतरतं आहे का. फ्लेअर करताना (नट बसवण्यासाठी पाइपाचं तोंड फुलवताना) तोंड खाली धरून बर, म्हणजे कापलेल्या कडेची खरखरीत धार, काढला का, म्हणजे तांब्याचा भुगा आत पडत नाही. नट टॉर्क रेंचने: पाव इंचीला १४ ते १७ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. अंदाजाने आवळलेला पाव इंची नट बहुधा जास्तच आवळलेला असतो आणि फ्लेअर चिरतो. हीटिंगमध्ये दोन्ही पाइपांत दाब चढतो, तेव्हा ती चीर गळायला लागते.

मग व्हॅक्यूम पंप. गॅस सोडून हवा बाहेर काढायचा शॉर्टकट आर-३२ ला चालत नाही. तो गॅस पेट घेऊ शकतो, आणि पाइपात ओल राहते ती वेगळीच. पंप वीसेक मिनिटं, ५०० मायक्रॉनखाली (पाइपातला उरलेला दाब मोजायचं माप), मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा बघा. चढला तर गळती किंवा ओल. व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्ही नटांना साबणाचा फेस लावून बघा, आणि चालू हिवाळा नसला तरी दहा मिनिटं हीटिंगवरही चालवून घ्या, तेव्हाही फेस लावा.

सावरीचा कापूस एप्रिल-मेमध्ये उडतो तेव्हा मागची कॉइल एकदा बघत जा. तो फिनवर चादरीसारखा बसतो. मऊ ब्रशने फिनच्या उभ्या रेषेत झाडा, प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन आडव्या होतात. मागे इंचभर छिद्रांची वेल्डमेश लावली तर गारपिटीतही कॉइल वाचते आणि कबुतरं मागच्या फटीत काड्या आणत नाहीत. बारीक मच्छरजाळी मात्र लावू नका, महिनाभरात धुळीने बंद होते.

वायरमन_नंदनवन

आणि चालू असताना अँपिअर क्लॅम्प लावून आकडा लिहून ठेवा, बाहेरचं तापमान सोबत. पुढच्या उन्हाळ्यात तेवढ्याच तापमानाला दीड-दोन अँपिअर जास्त दिसले तर आधी कॉइल धुवा, मग गॅसवाल्याला फोन.